कुळागरातली चिऱ्यांची खोली: माझा अनुभव

फोंड्याकडे आमचं छोटं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग आहे, तिथे पत्र्याच्या शेडमधून गेल्या वर्षी गवत कापायचं मशीन आणि पाण्याचा पंप चोरीला गेला. कुलूप जसंच्या तसं लटकत होतं, चोरट्याने कडीचे स्क्रू बाहेरून सोडवले होते. फार वाईट वाटलं.

मग ठरवलं, आता चिऱ्याचीच, म्हणजे जांभ्या दगडाची खोली. आठ बाय दहा. खाणीतून आणलेले चिरे आधी महिनाभर उघड्यावर ठेवले, कारण ताजा चिरा मऊ असतो आणि हवेत राहून घट्ट होतो, हे आमच्या गवंड्याने सांगितलेलं. जोतं दीड फूट उंच घेतलं, नाहीतर आपल्या पावसात चिरा खालून पाणी ओढतो आणि आत सगळं गंजतं, म्हणून जोत्यावर वॉटरप्रूफ काँक्रीटचा पट्टापण टाकला.

दरवाजाचं सांगतो कारण खरी गोम तिथेच आहे. कडी-कोयंड्याला स्क्रू नकोतच, गोल डोक्याचे आरपार बोल्ट घ्या आणि नट आतल्या बाजूने वेल्ड करून टाका. बिजागऱ्या आत. चौकटीचे होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, चिऱ्यात काँक्रीट भरून बसवले.

आणि छप्पर! मंगळुरी कौलं कोणीही हाताने उचलून आत उतरू शकतो, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही, म्हणून कौलांखाली आठ एमएमच्या सळ्यांची जाळी भिंतीत रोवून घेतली. यंदाचा अख्खा पाऊस गेला, पंप कोरडा आहे आणि जागेवर आहे.