ईव्ही घेऊन लांब निघताय? चार्जिंगच्या या चुका टाळा

ईव्ही घेतली की भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो, ‘रेंज किती देते?’ पुणे-मालवण पाच-सहा वेळा करून झाल्यावर माझं मत असं झालंय की लांबच्या प्रवासात हा प्रश्न दुय्यम आहे. आपली गाडी किती जाते ते दोन महिन्यांत कळतंच. ज्या चार्जरच्या भरवशावर निघालो तो बंद निघाला तर पुढे काय, हे मात्र ठरवलेलं नसतं, आणि माणसं अडकतात ती तिथे. खालच्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

हिशेबाला माझीच गाडी धरतो. बॅटरी साधारण ४० युनिटची. (किलोवॅट-अवर म्हणजे लाइटबिलावरचं युनिटच, वेगळं काही नाही.) रस्ता पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, मालवण. चारशेच्या आसपास किलोमीटर.

एकाच चार्जरवर भिस्त ठेवणं

पहिल्या खेपेला मी कागदावर लिहिलं होतं, ‘कोल्हापूरला चार्जिंग.’ पुण्याहून कोल्हापूर २३० किलोमीटर, गाडी तेवढी आरामात जाते, मग मध्ये कशाला थांबायचं? पोचलो तेव्हा ११ टक्के उरले होते. चार्जरच्या स्क्रीनवर काळोख. दुसरा चार्जर शहराच्या पलीकडच्या टोकाला, शनिवारची संध्याकाळ, सगळं कोल्हापूर रस्त्यावर. पोचलो, पण ती वीस मिनिटं गाडीत कोणीच कोणाशी बोललं नाही.

आता नियम साधा आहे. कुठल्याही चार्जरवर पोचताना बॅटरीत एवढं हवं, की तो बंद असला तरी त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत जाऊन वर १० टक्के उरतील. म्हणून मी आता कराडलाच थांबतो. पुण्याहून कराड १६० किलोमीटर, तिथे ४० टक्क्यांच्या आसपास उरतात. कराडचा चार्जर रुसला तरी कोल्हापूर ७० किलोमीटरवर आहे, आणि त्याला माझ्या गाडीला २८-३० टक्के पुरतात. रिकाम्या पोटी ढाबा शोधणं आणि भरल्या पोटी शोधणं, यात जो फरक असतो तोच इथे आहे.

कोल्हापूर सोडताना मात्र जास्त जपायला हवं. निपाणीनंतर हमरस्ता सुटला की चार्जर विरळ होत जातात. तेव्हा कोल्हापूर-निपाणीच्या पट्ट्यातच ८०-८५ टक्के करून घ्यायचे. ‘पुढे बघू’ हे आजऱ्याच्या रस्त्यावर चालत नाही.

वेगाचा हिशेब न मांडणं

कागदावरची रेंज ठरावीक चाचणीत, मर्यादित वेगात काढलेली असते. हायवेवर खरा खर्च ठरवतो तो वारा. वेग वाढला की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून थोडा जास्त होतो. माझ्या गाडीला १०० किलोमीटरला ८० च्या वेगाने १३ युनिटं लागतात, १०० ने १६, आणि समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून दाबली तर २०. म्हणजे तीच बॅटरी एकदा ३०० किलोमीटर, एकदा २००.

हळू चालवा असा उपदेश मी करणार नाही. २३० किलोमीटरमध्ये १०० च्या वेगाने अर्धा-पाऊण तास वाचतो आणि जास्तीची सात युनिटं फास्ट चार्जरवर दहा-पंधरा मिनिटांत भरून निघतात, तेव्हा वेळेचा सौदा फायद्याचाच आहे. पण हाताशी उरणारे टक्के कमी होतात, हे लक्षात ठेवून थांबा अलीकडे घ्यायचा. आणि चार्जर बंद सापडला की वेग लगेच ७० वर आणायचा. तेवढ्याने पुढचा चार्जर आवाक्यात येतो. एसी बंद करून, पोरांना घामाघूम करून ११० ने पळवणारे लोक मी पाहिलेत. एसीला तासाला एक-दीड युनिट लागतं, कधी दोन. गळती तिकडे नाही, उजव्या पायाखाली आहे.

घाट सपाट धरणं

परतीला सावंतवाडी ते आंबोली जेमतेम ३० किलोमीटर. मॅपवर बोटाच्या पेराएवढं. पण सहाशे मीटरची चढण आहे. चार माणसं आणि काजू-कोकमाच्या पिशव्या धरून पावणेदोन टनांचं धूड तेवढं वर उचलायचं, म्हणजे नुसत्या उचलण्यालाच तीन युनिटं गेली. त्यात सपाटीवर लागली असती ती चार. मिळून १७-१८ टक्के, फक्त ३० किलोमीटरला. स्क्रीनवरचा किलोमीटरचा आकडा घाटात टॅक्सीच्या मीटरसारखा उलटा पळतो, तेव्हा घाबरायचं नाही आणि त्यावर विश्वासही ठेवायचा नाही. टक्के बघायचे.

उतरताना रीजनमुळे (वेग आवरताना मोटरच वीज बनवून बॅटरीत टाकते, त्यामुळे) काही परत मिळतं. सगळं नाही, पण निम्म्याहून बरंच जास्त. यातली एक फसगत सांगतो. महाबळेश्वरला किंवा आंबोलीला मुक्काम करून रात्रभरात १०० टक्के भरलं आणि सकाळी घाट उतरायला लागलात, तर बॅटरीत जागाच नसते. रीजन जवळपास बंद पडतं, गाडी रोजच्यासारखी स्वतःहून अडत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सवयीच्या पायाला हे पहिल्या वळणावर जाणवतं, आणि ते बरं नसतं. डोंगरमाथ्यावर ८५-९० ला थांबवायचं. उरलेल्यातलं थोडं घाट भरून देतो.

८० च्या पुढे गन लावून बसणं

फास्ट चार्जरची गन (केबलचं गाडीत खोचायचं टोक) लावली की २० ते ८० टक्के व्हायला मला ३५-४० मिनिटं लागतात. ८० ते १०० ला जवळपास तेवढीच. बॅटरी भरत आली की गाडी स्वतःच हात आखडता घेते, त्यात चार्जरचा दोष नसतो. तेवढ्या वेळात ५० किलोमीटर पुढे गेलेलं बरं. अपवाद आजऱ्यासारख्या विरळ पट्ट्याचा. तिथे वेळ गेला तरी चालेल.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे चार्जरवर लिहिलेला आकडा खरा मानणं. गाडीची झेप ५० किलोवॅटची असेल तर १२० च्या चार्जरवर ती ५० च घेणार. उलट ६० च्या चार्जरला दोन गन असतात आणि शेजारी दुसरी गाडी लागली की पुष्कळ ठिकाणी दोघांना ३०-३० मिळतात. शेजारच्याला ‘किती वेळ लागेल?’ एवढं विचारायचं. तो ९२ टक्क्यांवर असेल तर चहा घेऊन या, तोवर पूर्ण वेग मिळेल.

अ‍ॅपमध्ये हिरवं दिसतंय म्हणून निर्धास्त राहणं

हिरवा ठिपका म्हणजे चार्जरचा सर्व्हरशी संपर्क आहे, एवढंच. समोर डिझेल गाडी लावून मालक जेवायला गेलाय, हे त्याला कळत नाही. चार्जर एखाद्या गाडीच्या शोरूममध्ये असेल तर रात्री फाटकाला कुलूप लागतं, रविवारी किंवा दसऱ्याच्या दुपारीही लागू शकतं. पुण्याच्या आसपास गुरुवारी निघत असाल तर महावितरणचं देखभालीचं काम कुठे आहे ते आदल्या दिवशी बघा. घरी गुरुवारी लाइट जाणार हे आपल्याला पाठ असतं, पण रस्त्यावरच्या चार्जरलाही तीच लाइट लागते हे सुचत नाही.

मी तीन गोष्टी बघतो. शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं, लोकांनी आठवडाभरात काय लिहिलंय, आणि जागेचा फोन नंबर. तिसरी सगळ्यांत कामाची. हॉटेलच्या गल्ल्यावरच्या माणसाला ‘दादा, चार्जर चालू आहे का?’ विचारलं की दहा सेकंदांत खरं कळतं.

अ‍ॅप्स घरूनच टाका, ओटीपी आणि केवायसी उरका आणि वॉलेटमध्ये दोन-तीनशे रुपये ठेवा. घाटमाथ्यावर नेटवर्कची एक काडी असताना पेमेंट अडकतं. ज्या कंपनीचे चार्जर आपल्या रस्त्यावर जास्त, तिचं आरएफआयडी कार्ड (चार्जरला टेकवलं की अ‍ॅपशिवाय चार्जिंग सुरू होतं ते) मिळत असेल तर घेऊन ठेवा.

गन लावली, पण सुरूच होत नाही

हा प्रसंग येणारच. लगेच कस्टमर केअरला फोन लावून ‘आपका कॉल हमारे लिए…’ ऐकत बसण्याआधी एवढं करून बघा.

आधी चार्जरवरचं लाल इमर्जन्सी बटण बघा. आत दबलेलं असेल तर सगळं ठप्प असतं. हे मला निपाणीच्या अलीकडे एका हॉटेलवरच्या मावशींनी शिकवलं. मी वीस मिनिटं अ‍ॅपशी झटत होतो. त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, ‘पोरं दाबत्यात की ते. गोल फिरवा, वर येतंय.’ बाणाच्या दिशेने फिरवलं, टक् करून वर आलं, आणि मिनिटभरात स्क्रीन जागी झाली.

मग गन. फास्ट चार्जरची, म्हणजे डीसीची केबल जाड आणि जड असते. तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि आतल्या पिना नीट टेकत नाहीत. सुरुवातीची तीस-चाळीस सेकंदं गाडी आणि चार्जर यांची बोलणी चाललेली असतात, तेवढा वेळ गन हाताने किंचित वर उचलून आत दाबून धरा. निम्म्या वेळा यातच काम होतं. पावसात गनच्या तोंडात पाणी गेलं असेल तर चार्जर इन्सुलेशनची (वीज गळू शकते अशी) तक्रार करून थांबतो आणि त्याचं बरोबर असतं. पाणी झटका, जमलं तर दुसरी गन घ्या. आत फडकं किंवा बोट घालू नका.

तरीही नाही? अ‍ॅपमधून सेशन बंद करा, गन काढा, गाडी लॉक करून दोन-तीन मिनिटं दूर उभे राहा, म्हणजे गाडी झोपेल. मग सुरुवातीपासून. दोनदा करून झालं नाही तर मात्र फोन लावा, कारण चार्जर दुरून रीस्टार्ट करता येतो किंवा तिकडून सेशन सुरू करून देतात. चार्जरवर चिकटवलेला त्याचा क्रमांक आधी लिहून ठेवा, पहिला प्रश्न तोच येतो.

उलटं दुखणं म्हणजे गन निघतच नाही. ओढाताण करू नका. सेशन खरंच संपलंय ना बघा, मग किल्लीने गाडी एकदा लॉक करून अनलॉक करा, खट् असा आवाज आला की काढा. बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीत हाताने सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे ते आजच, घराच्या पार्किंगमध्ये, पुस्तिका उघडून बघून ठेवा.

होमस्टेचा सॉकेट गृहीत धरणं

मुक्कामाला १५ अँपिअरचा सॉकेट मिळाला तर रात्रभरात २५-३० युनिटं आत जातात, सगळ्यांत स्वस्तात. पण ‘गिझरचा पॉइंट आहे’ असं फोनवर सांगितलं म्हणजे काम झालं असं नाही. गाडी दहा तास सलग भार ओढते, गिझर अर्ध्या तासात बंद होतो. त्यात किनाऱ्यावरची खारी हवा. सॉकेटच्या पट्ट्या आतून गंजलेल्या असतात, अर्थिंगची वायर पुष्कळदा कुठेच गेलेली नसते. अर्थिंग नसेल तर बहुतेक पोर्टेबल चार्जर लाल दिवा लावून नकार देतात. तो नकार चुकवायच्या युक्त्या सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. जनरेटरवर लाइट चालू असतानाही हाच दिवा लागू शकतो, तेव्हा लाइट येईपर्यंत थांबा.

मालवणलाच आधीच्या एका मुक्कामात मी घरमालक काकांनी दिलेल्या टीव्हीच्या एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावून जेवायला बसलो होतो. अर्ध्या तासाने बघितलं तर पिवळसर प्लास्टिक चॉकलेटी पडलं होतं आणि वास सुटला होता. काकांनी न बोलता मेन स्विच पाडला. नवा बोर्ड दुसऱ्या दिवशी मीच बाजारातून आणून दिला. तेव्हापासून डिकीत जाड वायरची, १५ अँपिअरची स्वतःची एक्स्टेंशन आणि अर्थिंग तपासायचा प्लग असतो. गाडी लावली की पंधरा मिनिटांनी एकदा जाऊन प्लगला हात लावतो, कोमट असेल तर ठीक. गरम लागला तर करंट १० अँपिअरवर आणतो, नाहीतर सरळ काढून ठेवतो. आणि निघताना मीटरचं आधीचं-नंतरचं रीडिंग दाखवून युनिटचे पैसे वेगळे देतो. काका आधी नको म्हणाले होते, दुसऱ्या खेपेला त्यांनी अंगणात नवा पॉइंट काढून घेतला होता.