पाच दिवस, तेवीस सिनेमे आणि प्रत्येकी चार ओळी

फेस्टिवलच्या पहिल्या दिवशी सगळेच हौशी असतात, प्रत्येक सिनेमावर पानभर लिहायचं ठरवतात, आणि तिसऱ्या दिवशी कॅटलॉगवर नुसत्या खुणा उरतात, बरा, ठीक, हा कुठला होता बरं. माझंही बरीच वर्षं असंच व्हायचं. मग पानभराचा नाद सोडला आणि चार ओळींवर आले, ते मात्र टिकलं. कसं करते ते सांगते, पटलं तर घ्या.

आधी माझी फजिती. दिवसाला पाच सिनेमे बघत होते आणि लिहायला बसायचे रात्री रूमवर आल्यावर. एका सिनेमाचं असं तोंड भरून कौतुक केलं, त्यातले आजोबा बर्फात पडलेला हातमोजा शोधतात तो सीन कसला भारी आहे वगैरे. दुसऱ्या दिवशी रांगेत मैत्रीण म्हणाली, अगं त्यात बर्फच नाहीये, अख्खा सिनेमा बोटीवर घडतो. आजोबा दुपारच्या सिनेमातले होते! तेव्हापासून एक ठरवून टाकलंय, पुढच्या सिनेमाचे दिवे मालवायच्या आत आधीच्या सिनेमाची नोंद झालीच पाहिजे. बाहेर पडून पुढच्या रांगेत उभं राहिलं की दहा मिनिटं मिळतातच, तेवढी पुरतात.

नोंद म्हणजे काय लिहायचं? कथा नाही, दिग्दर्शक नाही, देश नाही, ते सगळं कॅटलॉगमध्ये छापलेलं आहे. मी तीनच गोष्टी लिहिते. डोळ्यासमोरून जात नाहीये असं एक दृश्य, कानात राहिलेला एक आवाज, आणि मी घड्याळ कुठे बघितलं. ही तिसरी सगळ्यात कामाची, कारण सिनेमा नेमका कुठे सुटला ते तुमच्या मनगटाला तुमच्या आधी कळलेलं असतं. शिवाय कोपऱ्यात हा दिवसातला कितवा होता तेही लिहून ठेवते. सकाळी ताज्या डोक्याने बघितलेला आणि रात्री साडेदहाला पाचवा म्हणून बघितलेला अडीच तासांचा संथ सिनेमा एका मापाने मोजला तर अन्याय होतो हो. सिनेमा चालू असताना मात्र फोन काढायचा नाही, त्या उजेडाने मागच्या चार रांगांचा सिनेमा जातो. अगदीच राहवलं नाही तर पेन्सिल आणि छोटी वही, अंधारात एका पानावर मोठ्या अक्षरात तीन शब्द, बास. दोन ओळी लिहायला गेलात तर एकीवर एक चढतात आणि नंतर काहीच लागत नाही.

आता प्रत्यक्ष लिहिणं. समजा एक सिनेमा आहे, मी उदाहरणापुरता रचलाय, आणि त्याबद्दल पहिल्या झटक्यात हे लिहिलं गेलं:

"घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट. त्याची मुलगी बऱ्याच वर्षांनी परत येते आणि नात्यातले ताण समोर येतात. अभिनय उत्तम, छायाचित्रण अप्रतिम, पण सिनेमा थोडा संथ. एकदा बघायला हरकत नाही."

यात खोटं काही नाही पण घड्याळं काढून तिथे शिलाई मशीन टाकलं तर हेच चार वाक्यांचं रिव्ह्यू त्याच फेस्टिवलमधल्या आणखी दहा सिनेमांना चिकटवता येईल. "अप्रतिम" दिसला की स्वतःला विचारायचं, कॅमेऱ्याने केलं काय? "संथ" लिहिलं की विचारायचं, कुठे? मग ते असं होतं:

"घड्याळवाला बाप, परत आलेली मुलगी. कॅमेरा बापाच्या हातांवरून हलतच नाही, चेहरा नीट दिसतो तो पाऊण तासाने, तोपर्यंत आपण त्याला हातांवरून ओळखायला लागलेलो असतो. घराच्या वाटणीची कोर्टकचेरी मात्र लांबली, तिथे मी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी टिकटिक थांबते तेव्हा थिएटरमध्ये कुणी हललं नाही."

बरं झालं, पण शेवटचं वाक्य वाचा परत. उद्या रिपीट शो आहे आणि मी शेवट सांगून मोकळी! ते काढलं आणि लिहिलं, "सिनेमाभर आवाजाकडे कान ठेवा." माझा हिशोब सोपा आहे, गोष्टीपैकी कॅटलॉगमध्ये आहे ते आणि पहिल्या वीसेक मिनिटांत कळतं ते सांगायचं, त्यापुढचं नाही. हां, आणि कॅटलॉगची भाषा उचलू नका. तिथे प्रत्येक सिनेमा "स्मृती आणि अस्मितेचा शोध" घेत असतो, ते लिहिणाऱ्याला तिकिटं खपवायची असतात, आपल्याला नाही.

स्टार द्यायचे का, तर मी शेवटच्या दिवसापर्यंत देत नाही. एकतर पहिल्या दिवशी चार दिले की पाचव्या दिवशी खरा चारवाला सापडतो आणि मग मागे जाऊन खाडाखोड. दुसरं म्हणजे माप सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थच नाही. कान्स फेस्टिवलच्या वेळी स्क्रीन इंटरनॅशनल हे ब्रिटिश सिनेनियतकालिक समीक्षकांच्या गुणांचा तक्ता छापतं तो ४ पैकी असतो, तिथे ३ म्हणजे चांगलाच सिनेमा, आणि लेटरबॉक्स्ड या प्रेक्षकांनी सिनेमांना स्टार द्यायच्या साइटवर ५ पैकी ३ म्हणजे ठीकठाक. तेव्हा देणार असाल तर कितीपैकी ते लिहा.

टाळ्यांवरही जाऊ नका. कान्समध्ये टाळ्या किती मिनिटं चालल्या याच्या बातम्या होतात, पण सिनेमा करणारे सगळे त्याच हॉलमध्ये बसलेले असतात, त्यांच्या तोंडावर कोण गप्प बसेल? उलट्या बाजूने, घाईतल्या वाईट शेऱ्यांची धास्तीही मोठ्यांना असते. २०१८ मध्ये कान्सने समीक्षकांना गाला प्रीमियरच्या आधी सिनेमा दाखवणं बंद केलं, कारण कलाकार रेड कार्पेटवर पोचायच्या आत सिनेमाचा निकाल बाहेर लागलेला असायचा. आपल्या चार ओळींनी कुणाचं एवढं वाईट होणार नाही, पण पहिलाच शो असेल तर तसं नमूद करा आणि सिनेमाची लांबीही लिहा, कारण फेस्टिवलनंतर परत एडिट होऊन वीस मिनिटं कापलेले सिनेमे असतात आणि मग तुमची ती लांबलेली कोर्टकचेरी रिलीजमध्ये कुणाला सापडतच नाही. नावाचंही तसंच, मूळ भाषेतलं आणि इंग्रजी दोन्ही उतरवून घ्या, पुढे तिसऱ्याच नावाने येतो कधीकधी.

दिग्दर्शकाशी प्रश्नोत्तरं असतील तर नोंद त्याआधी करा. नंतर केलीत तर त्याला काय म्हणायचं होतं ते लिहाल, तुम्हाला काय दिसलं ते नाही.

शॉर्टफिल्म्सचा गठ्ठा असला तर प्रत्येकीला चार ओळी देत बसू नका. ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंत शॉर्ट धरतात, म्हणजे सात मिनिटांची आणि अडतीस मिनिटांची एकाच गठ्ठ्यात येऊ शकते. लक्षात राहिलेल्या दोनच घ्या, एकेक ओळ, बाकीच्या सोडा.

आणि मधूनच उठलात किंवा डोळा लागला तर तसं लिहा, लाजू नका, फक्त त्यावर मत देऊ नका. माझ्या वहीतलं आजवरचं सगळ्यात छोटं रिव्ह्यू असं आहे: "अकराव्या मिनिटाला झोपले. चूक माझी. खुर्ची छान होती."