हशा कुणाचा, कुणावर? कौटुंबिक विनोदी चित्रपट तपासायची पद्धत

कौटुंबिक विनोदी चित्रपटात बायकांच्या वाट्याला काय येतं, हे पडद्यावरच्या बायका मोजून कळत नाही. गोष्टच घरातली, तेव्हा बायका दिसणारच. पाहायचं ते हे, की विनोद कोण करतं आणि तो कुणावर होतो.

चित्रपट दोनदा बघा. पहिल्यांदा मनमोकळं हसा, फक्त हसू आलं ती वेळ टिपून ठेवा. दुसऱ्यांदा त्या वेळांवर थांबत चार रकाने भरा: हशा घेणारं वाक्य कुणाचं, थट्टा कुणाची, त्या क्षणी कुणाच्या हातात कोणतं काम, आणि पुढची गोष्ट कुणाच्या निर्णयाने सरकली. वीस-पंचवीस प्रसंग पुरतात. तिसरा रकाना हमखास रिकामा राहतो, कारण आपलं लक्ष संवादात गुंतलेलं असतं. म्हणून घरातले प्रसंग आवाज बंद करून पाहा. पुरुष सोफ्यावर बसून बोलतोय आणि बाई भाजी निवडता निवडता उत्तर देतेय, हे लगेच नजरेत भरतं.

पुरुषाने बाईचं सोंग घेतलं की हिशेब चुकतो. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’त भाड्याचं घर मिळावं म्हणून परश्याची पार्वती होते, सुधीरची सुधा. त्यांना बायकांच्या खात्यात धरलं तर आकडे फुगतात. त्यांची नोंद वेगळी करा. मग प्रत्येक हशाला विचारा: हसू बाईपणाचं आहे की पकडले जाण्याच्या भीतीचं? पार्वतीच्या डोहाळजेवणात खोटं हाताबाहेर गेलेलं असतं, आपण हसतो ते त्या फजितीला. नुसत्या लचकत्या चालीवर किंवा घोगऱ्या आवाजावर हसू आलं, तर ती नोंद निराळी. चौथा रकाना इथे फार बोलका ठरतो. घर लीलाबाई काळभोरांचं, पार्वतीचा ‘नवरा’ झालेल्या धनंजय मानेची नोकरी माधुरीच्या दुकानातली. छप्पर आणि पगार दोन्ही बायकांच्या हाती, तरी गोष्ट पुढे सरकते ती पुरुषांच्या खोटेपणाने.

अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेलच्या १९८५ च्या व्यंगचित्रातली कसोटी अनेकजण लावतात: किमान दोन बायका, त्या एकमेकींशी बोलतात, आणि विषय पुरुष सोडून दुसरा. घरगुती विनोदात ती फार सहज पार होते. सासू-सुनेत आमटीच्या मिठावरून जुंपली, की झालं! म्हणून तिच्यावर निकाल देऊ नका.

आता विविधता. प्रत्येक पात्राचं आडनाव, बोली आणि धंदा लिहून काढा. वऱ्हाडी किंवा मालवणी फक्त कामवाली, ड्रायव्हर आणि चोर यांच्याच तोंडी असेल तर खूण करा. तोच संवाद प्रमाण भाषेत म्हणून पाहा. हसू मावळलं, तर विनोद बोलीच्या जिवावर होता. पण बोली ऐकू आली की लगेच दोष देऊ नये. मकरंद अनासपुरे यांचे नायक मराठवाडी बोलतात आणि गोष्ट त्यांचीच असते. रंग, जाडी, तोतरेपणा, लग्न न झालेली आत्या यांच्यावरचे विनोदही याच नजरेने टिपा.

रकाने दोघांनी स्वतंत्रपणे भरावेत. नोंदी जुळणार नाहीत ते प्रसंग घरातल्या वेगळ्या पिढीच्या माणसाला दाखवा आणि त्याचं मतही शेजारी लिहा.