पासपोर्टची मुदत संपत आलीय? आधी कपाट उघडा

जुना पासपोर्ट कपाटातून काढा आणि पहिल्यांदा शेवटची तारीख बघा. पुस्तक १० वर्षांचं असलं तरी बरेच देश निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, तेव्हा हिशोबाला साडेनऊच धरा. मुदत संपायला वर्ष उरलं की अर्ज करता येतो. लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचं ठरल्यावर धावाधाव करणारे आईवडील मी आमच्या गल्लीतच पाहिलेत.

तारखेनंतर नाव. इथे घाई नको, आपल्याकडची बहुतेक अडकाअडकी इथेच होते. अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आणि ‘गिव्हन नेम’चा वेगळा; स्वतःचं आणि वडिलांचं नाव या दुसऱ्यात बसतं. जुना पासपोर्ट, आधार आणि दहावीचं सर्टिफिकेट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग बोट ठेवून एकेक अक्षर वाचा. माझ्या आधारवर वडिलांच्या नावाला ‘राव’ चिकटलेला होता, पासपोर्टवर नव्हता. बायकांच्या कागदांत ‘बाई’ कुठे लागलेलं, कुठे गळलेलं, त्यात लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. पासपोर्टवरही बदल हवा असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा आणि अर्जात तसं नोंदवा. आधार दुरुस्त करायचं असेल तर ते आधी, अर्ज नंतर.

मग पत्ता. लाइटबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर त्याचा उपयोग नाही. सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेचं पासबुकही चालत नाही. सांगलीत राहून हे पचायला जड जातं खरं, पण नियमात शेड्यूल्ड, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या, सरकारी, खासगी आणि ग्रामीण बँकाच आहेत. मी मागच्या वेळी सहकारी बँकेचं पासबुक ऐटीत पुढे केलं आणि हात हलवत परत आलो. चालू पत्त्याचं आधार असेल तर प्रश्नच मिटला. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, पण पोलीस पडताळणी तुम्ही दिलेल्या पत्त्यावरच होते. विटा-खानापूरकडच्या ज्या मंडळींचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा परमुलखात आहे, त्यांनी गावाच्या ओढीनं गावचा पत्ता टाकू नये. नाहीतर पोलीस ठाण्यातून फोन आला की रात्रीची गाडी पकडावी लागते.

अर्ज ऑनलाइनच. सरकारी साइटचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’नं संपतो, तसल्याच नावाच्या बाकीच्या साइट जादा पैसे उकळतात. ‘रिन्यू’ शोधत बसू नका, ‘री-इश्यू’ निवडा. ३६ पानी पुस्तकाला १५०० रुपये, ६० पानीला २०००, तत्काळला त्यावर आणखी २०००. फी भरल्यावर अपॉइंटमेंट मिळते. सांगलीत पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मंजुरी मात्र पुण्याच्या कार्यालयाची.

अपॉइंटमेंटच्या दिवशी पिशवीत मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स, मूळ आधार आणि त्याची झेरॉक्स. झेरॉक्सवर स्वतःची सही घरूनच करून न्या, तिथे पेन मागत फिरावं लागतं. फोटो नेऊ नका, तिथेच काढतात; मागचा पडदा पांढरा असतो, म्हणून पांढरा शर्ट नको. बोटांचे ठसेही घेतात. घरात नुकतंच लग्न झालं असेल आणि हातावर मेंदी असेल तर ती उतरल्यावरची तारीख घ्या. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि इतर सरकारी नोकरांनी कार्यालयाला आधी कळवल्याचं पत्र जोडावं.

अर्जात ओळखीच्या दोघांची नावं आणि नंबर लागतात. त्यांना आधी विचारा. पोलिसांनी चौकशी केल्यावर ‘कोण हो?’ म्हणणारा शेजारी नको.

नवा पासपोर्ट स्पीड पोस्टानं घरी येतो आणि ज्याचा त्याच्याच हातात देतात, तेव्हा त्या आठवड्यात घराला कुलूप लावून देवदर्शनाला जाऊ नका. जुना रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. त्यात एखादा चालू व्हिसा असेल तर तो रद्दीत टाकू नका, दोन्ही पुस्तकांना रबरबँड लावून एकत्र ठेवा.