डेंग्यूचा ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका

डेंग्यूत घरच्यांची सर्वांत महागात पडणारी चूक ताप चढलेला असताना होत नाही, ताप उतरल्यावर होते. तीन-चार दिवस अंग फणफणलेलं, डोळ्यांमागे ठणका, सांधे धरलेले. मग एका सकाळी अंग गार लागतं आणि सगळे म्हणतात, सुटलो. रक्ताची तपासणी पुढे ढकलली जाते, माणूस कामावरही जातो.

नेमका याच सुमारास, आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, काही रुग्णांचा धोक्याचा टप्पा सुरू होतो. केशवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, बाहेर पडून पोटात आणि छातीत साठतो. ही गळती 24 ते 48 तास चालते. रक्त घट्ट होतं, नाडी जलद होते, हातपाय गार पडतात. वरच्या आणि खालच्या रक्तदाबातलं अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं, तर रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचण्याच्या अवस्थेत, चालला आहे असं समजावं. फसवणूक अशी, की तेव्हाही तो शुद्धीवर असतो, नीट बोलतो, माणसं ओळखतो. म्हणून बोलण्यावर जाऊ नका. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, धाप, अस्वस्थपणा किंवा गळून जाणं, चार-सहा तास लघवी न होणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

दुसरी चूक म्हणजे सगळं लक्ष पेशींवर, म्हणजे प्लेटलेटवर ठेवणं. ‘पेशी किती झाल्या?’ हाच प्रश्न दिवसभर फिरतो आणि हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाकडे, कोणी बघतही नाही. प्लेटलेट कमी होतातच. पण हिमॅटोक्रिट चढतंय आणि प्लेटलेट झपाट्याने उतरताहेत, हे दोन्ही एकत्र दिसलं की गळतीची शंका घ्यावी. त्यामुळे एकाच रिपोर्टवर थांबू नका, आधीचा शेजारी ठेवून वाचा. रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवायचा आग्रहही धरू नका. त्याने फायदा होत नाही. आजार ओसरला की त्या आपोआप वाढतात. पपईच्या पानांच्या रसाला दिलं जाणारं श्रेय बहुतेकदा या आपोआप वाढण्याचंच असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंगदुखीवर घरात पडलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा ॲस्पिरिनची गोळी देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, पण डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच; या आजारात यकृतावर आधीच ताण असतो.

तपासणीतही वेळ चुकते. एनएस1, म्हणजे रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी, पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रतिपिंड, साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ते निगेटिव्ह आलं तर त्याला अर्थ नाही. एनएस1 निगेटिव्ह आल्यानेही डेंग्यू नाही असं ठरत नाही, विशेषतः ज्याला पूर्वी होऊन गेलाय त्याच्यात.

आणि ‘एकदा झाला, आता होणार नाही’ हा समज तर सोडूनच द्या. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाची प्रतिकारशक्ती टिकते, पण इतर तिघांपासून संरक्षण काही महिनेच मिळतं. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनी प्रतिपिंडं विषाणूला मारण्याऐवजी त्याला शरीराच्या पेशींत शिरायला मदत करू शकतात. दुसऱ्या खेपेला आजार गंभीर होण्याची शक्यता म्हणूनच जास्त असते.

डासांबाबत लोक फवारणीवर विसंबतात. धुराने फक्त उडते डास मरतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून दिलं की कडेची अंडी तशीच राहतात, पुन्हा पाणी भरलं की फुटतात. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून ब्रशने कडा घासा, कारण अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात.

ही मादी मुख्यतः दिवसा चावते. रुग्णाचं रक्त प्यायल्यावर आठ-बारा दिवसांनी ती विषाणू पसरवू लागते आणि मरेपर्यंत पसरवते. खोकल्याने किंवा स्पर्शाने डेंग्यू होत नाही, तेव्हा रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवायची गरज नाही. त्याला मच्छरदाणी मात्र दिवसाही लावा, ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस.