वळणावर रस्ता किती वाढवायचा आणि कोणत्या बाजूला

वळणाच्या आतल्या अंगाला साइडपट्टीत चाकांनी चर पाडलेली दिसली, की तिथे डांबराची रुंदी अपुरी आहे असे समजावे. त्यात मुरूम भरत बसण्यात अर्थ नाही, पुढच्या पावसाळ्यात चर परत तिथेच पडते. गाडी वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या चाकोरीतून जातच नाहीत, ती आतून कापत जातात. शिवाय समोरून गाडी आली की वळणावर प्रत्येक जण अंग चोरून कडेला घेतो. वाढीव रुंदीच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी धरलेल्या असतात.

पहिला भाग मागच्या चाकांचा: लेनची संख्या गुणिले व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराचा) वर्ग, भागिले त्रिज्येची दुप्पट. व्हीलबेस ६.१ मीटर धरतात. दुसरा भाग चालकाच्या सवयीचा: ताशी किलोमीटरमधला वेग भागिले (९.५ गुणिले त्रिज्येचे वर्गमूळ). दोन्हींची बेरीज म्हणजे वाढीव रुंदी.

त्रिज्या ५० मीटर आणि वेग ३० असे घाटातले दुपदरी वळण घेऊ. पहिला भाग ०.७४, दुसरा ०.४५, एकूण १.१९ मीटर. इंडियन रोड काँग्रेसच्या तक्त्यात दुपदरी रस्त्याला ४१ ते ६० मीटर त्रिज्येसाठी १.२ मीटरच दिले आहेत. त्याच तक्त्यात ४० मीटरपर्यंत १.५, ६१ ते १०० ला ०.९, १०१ ते ३०० ला ०.६ आणि ३०० च्या वर काही नाही. एकपदरी रस्त्याला २० मीटरपर्यंत ०.९, २१ ते ६० ला ०.६, त्यापुढे शून्य.

तक्ता साध्या ट्रकसाठी आहे. गळीत हंगामात डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर पाहून वळण दुप्पट रुंद हवे असे वाटते, पण हिशेब वेगळेच सांगतो. जोडगाडीत प्रत्येक तुकड्याच्या लांबीचा वर्ग करून बेरीज घ्यायची असते. ट्रॅक्टर २.१ मीटर आणि दोन्ही ट्रॉल्या हुकापासून अ‍ॅक्सलपर्यंत ४-४ मीटर धरल्या तर बेरीज ३६.४ येते, ६.१ चा वर्ग ३७.२. म्हणजे डबल ट्रॉली जवळपास ट्रकइतकीच आत कापते. नडतो तो बाजूला फुगलेला ऊस. खरी जागा खातो तो लांब ट्रेलर: घोडा (ओढणारे इंजिन) ३.६ आणि मागचा ट्रेलर ९ मीटर धरला तर बेरीज ९४, म्हणजे अडीचपट. चाळकेवाडी किंवा ढालगावच्या बाजूला पवनचक्क्यांची पाती नेणारी वाहने ज्या वळणांवरून जातात, तिथे तक्त्यावर विसंबू नका. प्रत्यक्ष गाडीची मापे घेऊन काढा.

त्रिज्या काढण्यासाठी दोरी पुरते

जुन्या रस्त्याचा नकाशा बहुधा हाती नसतो. मध्यरेषेवर २० मीटरची दोरी दोन टोकांना ताणून धरा आणि दोरीच्या मध्यापासून मध्यरेषेपर्यंतचे अंतर मोजा. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, अधिक अंतराचा निम्मा, ही त्रिज्या. अंतर १ मीटर आले तर ५०.५. इथे १ सेंटिमीटरची चूक झाली तरी त्रिज्येत अर्ध्या मीटरचाच फरक पडतो. पण २०० मीटरच्या वळणावर तेच अंतर जेमतेम २५ सेंटिमीटर असते आणि १ सेंटिमीटर चुकले की त्रिज्या ८ मीटरने हलते. अशा वळणाला ३० मीटरची दोरी घ्या.

वळण कुठून सुरू होते तेही दोरीच सांगते. सरळ रस्त्यावरून ५-५ मीटर पुढे सरकवत अंतर लिहीत जा. आपल्या ५० मीटरच्या वळणावर ते आधी शून्य, मग वाढत वाढत १ मीटरवर स्थिर होईल. जिथे बरोबर निम्मे, म्हणजे ५० सेंटिमीटर येते, तिथे दोरीचा मध्य वळणाच्या आरंभबिंदूवर असतो. ही खूण चुकली तर पुढची सगळी आखणी सरकते, म्हणून दोन्ही टोकांकडून काढा. वाहतूक अडवणारी दोन माणसे लाल झेंडा घेऊन पुढे-मागे उभी हवीत.

आखणी

सपाटीवर, म्हणजे तासगाव-पलूसकडच्या रस्त्यांवर, संक्रमण वळण (सरळ रस्ता आणि वळण जोडणारा, हळूहळू वळत जाणारा भाग) असेल तर वाढीव रुंदी दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी देतात. घाटात ती सगळी आतल्या बाजूला. रुंदी एकदम देता येत नाही. शून्यापासून पूर्णपर्यंत सारख्या गतीने वाढली पाहिजे. संक्रमण वळण असेल तर त्याच्या लांबीत ती वाढवा. जुन्या घाटात संक्रमण नसतेच, तिथे या वाढीची दोन तृतीयांश लांबी सरळ रस्त्यावर आणि एक तृतीयांश वळणावर घ्यायची.

लांबी किती? आपल्या वळणाला सुपरएलिव्हेशन, म्हणजे आतल्या बाजूकडे दिलेला आडवा उतार, वेगाचा वर्ग भागिले (२२५ गुणिले त्रिज्या), ८ टक्के येते. डोंगरात बर्फ नसलेल्या भागात १० टक्के ही कमाल, त्यामुळे चालेल. दुपदरी रस्त्याचे ७ अधिक १.२ म्हणजे ८.२ मीटर रुंदीत ६५.६ सेंटिमीटरचा फरक. मध्यरेषेभोवती फिरवले तर त्याचा निम्मा, ३२.८. घाटात ६० ला १ या दराने १९.७, म्हणजे २० मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले तर १८ मिळतात. जे मोठे ते घ्यायचे.

आता आरंभबिंदूच्या १३.३ मीटर मागे पहिली खुंटी, तिथे वाढ शून्य. मग दर ५ मीटरला ०.३०, ०.६०, ०.९० आणि १.२० मीटर. खुद्द आरंभबिंदूवर ०.८० यायला हवे; नाही आले तर कुठेतरी मोजणी चुकली. हे अंतर मध्यरेषेला काटकोनात, जुन्या कडेपासून आत धरा. शेवटी खुंट्यांना दोरी लावून चुना मारा आणि लांब उभे राहून पाहा, कड कुठे खांदा काढत असेल तर ती डोळ्याला लगेच खुपते.

आतली बाजू नेहमी डोंगराकडे नसते

इथे फार जण फसतात. डोंगराच्या सोंडेला वळसा घालताना आतली बाजू दरडीकडे असते, तिथे कटिंग करून गटार सरकवायचे. घळीतल्या वळणावर मात्र आतली बाजू दरीकडे येते, आणि तिथेच ओढ्याची मोरी असते. रुंदी वाढवायची तर मोरी लांबवा, संरक्षक भिंत बांधा. खर्चाला घाबरून घळीत दरडीकडे पट्टी टाकली, तर ती बाहेरच्या बाजूची होते आणि मागचे चाक पूर्वीसारखेच दरीकडची साइडपट्टी खाते.

दरडीकडे दुसरी चूक ठरलेली: गटारावर मुरूम लोटून त्यावर डांबर. महाबळेश्वर-केळघर पट्ट्यातला पाऊस अशा कामाला एक हंगामही देत नाही. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. नवी कड जुन्या कडेपेक्षा १.२ मीटर आत असल्याने ८ टक्के उताराने ती ९.६ सेंटिमीटर खाली बसते. पट्टी सपाट ठेवली तर जुन्या कडेला पाणी साचते आणि सांधा तिथूनच उकलतो. गटाराचा तळही तितकाच खाली न्यावा लागतो.

खोदकाम आणि थर

नवी पट्टी म्हणजे साइडपट्टीवर डांबर नव्हे. जुन्या रस्त्याइतकेच थर, तितक्याच जाडीने खालून वर यायला हवेत. जुनी कड उभी कापा आणि प्रत्येक थराला ३० सेंटिमीटरची पायरी ठेवा, म्हणजे सांधे एकाखाली एक येत नाहीत. सांगलीच्या काळ्या रानात खोदताना काळी माती लागली तर ती काढून मुरूम भरा. ती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते, आणि लांबच लांब भेग बरोबर सांध्यावर पडते.

वळण ५३ मीटर लांब असेल तर पूर्ण रुंदीचा भाग ४० मीटर आणि दोन्ही टोकांचे निमुळते भाग २०-२० मीटर. क्षेत्रफळ ७२ चौरस मीटर. १५ सेंटिमीटरच्या दाबलेल्या थराला १०.८ घनमीटर, म्हणजे सैल माल साधारण ५ ब्रास.

रोलर हा खरा अडथळा आहे. त्याचे चाक सुमारे दोन मीटर रुंद, १.२ मीटरच्या खड्ड्यात ते एका बाजूने जुन्या डांबरावरच टेकते आणि नवा माल दबतच नाही. बेबी रोलर आणा, थर पातळ घ्या, आणि टोकाला पट्टी निमुळती होते तिथे जुने डांबर आतपर्यंत कापून कामाची रुंदी कायम ठेवा. शेवटचा डांबरी थर टॅक कोट (चिकटण्यासाठी पातळ डांबराचा फवारा) मारून जुन्या-नव्या पूर्ण रुंदीवर सलग टाकलेला बरा.

काम केव्हा काढायचे? ऊस पट्ट्यात कारखाने बंद झाल्यावर, एप्रिल-मे मध्ये. पाचगणी-महाबळेश्वरच्या घाटांत मे नको, गर्दी असते, तिथे जानेवारी-फेब्रुवारी.

रंगवताना मध्यरेषा जुन्या जागी ठेवू नका. ती नव्या ८.२ मीटरच्या मध्यावर, दोन्हीकडे ४.१ ठेवून मारायची. जुन्याच रेषेवर मारली तर सगळी वाढ आतल्या लेनला मिळते आणि बाहेरून येणारा ट्रक पूर्वीइतकाच अडचणीत राहतो. आतल्या बाजूला उभा ऊस किंवा झाडोरा दृष्टी अडवत असेल तर तोही मोजा: ३० मीटर दिसायला हवे असेल तर आतल्या लेनच्या मध्यापासून सव्वादोन मीटर जागा मोकळी लागते. ऊस तोडल्यावर मार्चमध्ये पाहणी केली तर हा अडथळा दिसतच नाही. पाहणी सप्टेंबरमध्ये करा.