फॉन्ट इन्स्टॉल न करता वापरायचाय? आधी एवढं करून ठेवा

एका मुखपृष्ठापुरता लागणारा फॉन्ट कॉम्प्युटरवर कायमचा भरायची गरज नसते. फॉन्टबेससारखा फॉन्ट मॅनेजर तो तात्पुरता चालू करून देतो. काम सुरू करण्याआधी तयारी मात्र नीट हवी.

पहिल्यांदा फाइली. झिप उघडून त्या बाहेर काढा आणि कामाच्याच फोल्डरात ठेवा, म्हणजे महिन्याभराने शोधाव्या लागणार नाहीत. टीटीएफ किंवा ओटीएफ प्रकारच्या फाइली घ्या. वॉफ फाइली वेबसाइटसाठी असतात. जाड अक्षर लागणार असेल तर बोल्डची फाइलही हवीच. ती नसली की वर्ड स्वतःच रेग्युलर अक्षर फुगवतं आणि जोडाक्षरांतली मोकळी जागा बुजते. सोबतचा परवाना वाचा.

मग क्रम. आधी फॉन्ट मॅनेजर उघडून फॉन्ट चालू करा, त्यानंतर वर्ड. बरेच प्रोग्रॅम फॉन्टची यादी उघडतानाच वाचतात, त्यामुळे उलट केलंत तर नाव दिसेलच असं नाही. इनडिझाइन (पानं मांडायचा प्रोग्रॅम) वापरत असाल तर मॅनेजरही नको: डॉक्युमेंटशेजारी ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर (नाव इंग्रजीतच) करून त्यात फाइली टाका, त्या डॉक्युमेंटपुरते ते फॉन्ट आपोआप मिळतात.

खरा मजकूर ओतण्याआधी चाचणीची एक ओळ हवीच, आणि ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘कुऱ्हाड, ज्ञानेश्वर, शृंगार, लट्ठ, बाळ, ॲप’ एवढं टाइप करून मोठं करून बघा. फॉन्टमध्ये एखादं अक्षर नसेल तर प्रोग्रॅम ते गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो. छोट्या आकारात हे लक्षात येत नाही, छापल्यावर डोळ्यांत खुपतं. ‘ऱ्हा’मधला र नीट जुळतोय का, हे तर आवर्जून पाहा. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर मजकुराची भाषा मराठी करून बघा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणही दिलेलं असतं.

फॉन्ट बंद करण्याआधी पीडीएफ काढा. ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीजच्या फॉन्ट्स टॅबमध्ये नावापुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट पीडीएफमध्येच सामावलेला) लिहिलेलं असलं की ती फाइल कुठेही पाठवा.

नंतर कधी मूळ फाइल उघडलीत आणि अक्षर बदललेलं दिसलं तर मजकूर निवडून दुसरा फॉन्ट लावू नका. डॉक्युमेंटमध्ये फॉन्टचं नाव तसंच असतं. फाइल बंद करा, फॉन्ट चालू करा, वर्ड पुन्हा उघडा.